सुपर मारिओ: प्रोग्राममधल्या चुकीला उत्तर म्हणून गुण द्यायचे का?

खोताचीवाडी
यंदा गणपतीत आमच्या मंडळाच्या प्रश्नमंजुषेत व्हिडिओ गेमची फेरी माझ्याकडे होती. प्रश्न साधा होता: १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वर्ल्ड किती? उत्तर आठ, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण ३२. एका संघातली मुलगी म्हणाली, "आठ, आणि शिवाय मायनस वन." मी गुण दिले नाहीत. मांडवात वाद पेटला तो थेट आरतीच्या वेळेपर्यंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १-२, म्हणजे पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल, ही जमिनीखालची. तिच्या शेवटच्या पाइपवरच्या विटा फोडायच्या, भिंतीला चिकटलेली तेवढी ठेवायची, मग भिंतीकडे पाठ करून, खाली बसून उडी मारायची. जमलं तर मारिओ भिंतीतून सरकत वॉर्प झोनमध्ये, म्हणजे थेट पुढच्या वर्ल्डमध्ये नेणाऱ्या पाइपांच्या खोलीत, पोचतो. तिथली पाटी उमटायच्या आत पहिल्या पाइपात शिरलात की स्क्रीनवर 'वर्ल्ड -१' येतं. पाण्यातली लेव्हल आहे, आणि ती संपत नाही. शेवटच्या पाइपात गेलं की पुन्हा सुरुवातीला. वेळ संपून मरायचं, एवढंच.

माझं म्हणणं असं: गेम बनवणारे मियामोतो आणि तेझुका यांनी या लेव्हल चौकटीच्या कागदावर हाताने आखल्या होत्या. मायनस वन कोणीच आखली नाही. जे आखलं नाही ते गेममध्ये 'आहे' असं म्हणता येणार नाही.

लॅमिंग्टन_रोड
साफ असहमत. आधी '-१' काय आहे ते बघा. ते उणे एक नाहीच, ते ३६-१ आहे.

४-२ च्या शेवटी जो वॉर्प झोन आहे, तिथे पाइप एकच, पाचव्या वर्ल्डचा. पण प्रोग्राममध्ये तीन पाइपांची जागा धरलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंना कोरा चौकोन छापला जातो. या गेममधली अक्षरांची चित्रं ओळीने लावलेली आहेत: ० ते ९ आकडे, १० ते ३५ म्हणजे ए ते झेड, आणि ३६ म्हणजे रिकामी जागा. पाटीवर काय छापायचं आणि पाइपाने कुठे न्यायचं, या दोन्ही कामांना एकच आकडा वापरलाय. १-२ मध्ये पाटी उमटायच्या आत पोचलात तर ही ४-२ ची 'कोरा-५-कोरा' ओळ लागू असते. पाइप तुम्हाला इमानदारीत छत्तिसाव्या वर्ल्डमध्ये नेतो. तो ३६ छापायला गेला की कोरी जागा पडते, आणि आपल्याला दिसतं नुसतं '-१'.

एका आकड्याला दोन कामं का लावली? अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे, ३२ प्रोग्रामला आणि ८ चित्रांना. ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, वर पांढरं, खाली हिरवं. तो प्रश्न प्रत्येक क्विझमध्ये कौतुकाने विचारला जातो. त्याच काटकसरीतून मायनस वन निघाली, मग तिला बाहेर का ठेवायचं?

आठ_चार
खोताचीवाडी यांच्याशी सहमत. ढग आणि झुडूप कोणीतरी ठरवून एक केलं. छत्तिसावा वर्ल्ड कोणी ठरवला नाही.

शिवाय कुठली मायनस वन? हाच गेम १९८६ मध्ये जपानात डिस्कवर आला. त्यातल्या मायनस वर्ल्डमध्ये वेगळ्याच लेव्हल लागतात, त्याही तीन, आणि तिसरी संपली की गेम संपतो. कारण उघड आहे. यादी आठ वर्ल्डची, तिच्या पलीकडे वाचायला गेलं की त्या जागी जे पडलं असेल ते लेव्हल म्हणून चालतं. कॅसेटवर एक पडलं होतं, डिस्कवर दुसरं. जे दर आवृत्तीत बदलतं ते गेमबद्दलचं उत्तर कसं होईल?

आणि मुंबईत आपल्यातले बहुतेक जण कशावर खेळले? मनीष मार्केटमधून आणलेला गेमचा चिनी डबा आणि '९९९९९९९ इन १' ची कॅसेट. तिच्यात मारिओच वेगवेगळ्या नावांनी परत परत यायचा, कुठे मधल्याच वर्ल्डपासून, कुठे सुरुवातीलाच पाण्यात. ते सगळे वर्ल्ड मोजणार का?

परळची_पोर
ते मोजायचे नाहीत, कारण ते दुसऱ्या कोणीतरी कॅसेट बदलून घातले. मायनस वन मूळ कॅसेटमध्ये आहे, एक अक्षर न बदलता. दोन्ही एका मापाने मोजू नका.

आणि आखलेलं आणि न आखलेलं यात रेघ ओढणं वाटतं तितकं सोपं नाही. ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. दुसऱ्याला पायरीवर गाठून त्याच्या कवचावर नेमक्या जागी उडी मारत राहिलं की लाईफ वाढत जातात. माझा भाऊ सुट्टीत दुपारभर हेच करायचा. दहाच्या पुढे आकड्याच्या जागी मुकुट येतो, मग कसली कसली चिन्हं. आणि एवढं जमवून तो खड्ड्यात पडला की थेट गेम ओव्हर! आम्ही कॅसेट काढून फुंकर मारायचो, दुकानदाराला दोष द्यायचो. कॅसेटचा काही संबंध नव्हता. १२७ च्या पुढे गेलं की गेम तो आकडा शून्याखालचा समजतो, म्हणून मेलं की संपलं.

कवचावर उड्या मारायची सोय आपण जाणून ठेवली होती, असं मियामोतोंनी नंतर सांगितलं आहे. म्हणजे एकाच उडीचा पहिला भाग आखलेला, शेवट न आखलेला. यातलं किती उत्तर म्हणून धरणार?

खोताचीवाडी
लाईफ वाढतात, एवढं. पुढचं मशीनचं.

टेनिसवाला
मशीनचं आणि गेमचं वेगळं काढायला निघालात तर हे ऐका. जपानमधली मुलं डबा चालू असतानाच मारिओची कॅसेट उपटून टेनिसची बसवायची. रीसेट करून थोडं टेनिस खेळायचं, पुन्हा तशीच चालू डब्यात मारिओची कॅसेट, पुन्हा रीसेट. मग ए बटण दाबून धरून स्टार्ट केलं की नववा, दहावा, वाट्टेल तो वर्ल्ड! ज्या जागी मारिओ मागचा वर्ल्ड लिहून ठेवतो, त्याच जागी टेनिस पावलं मोजतं, आणि रीसेटने मेमरी पुसली जात नाही. जितकी पावलं, तो वर्ल्ड. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, म्हणून तिकडे '२५६ वर्ल्ड' म्हणायचे. (घरी करू नका, चालू डब्यातून कॅसेट ओढली की दोन्ही जायची भीती.)

यातली ए आणि स्टार्टची सोय बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे, मेलेल्या वर्ल्डपासून पुन्हा सुरू करता यावं म्हणून. आपल्याकडे ती फार कमी जणांना माहीत होती. आम्ही प्रत्येक वेळी १-१ पासून सुरू करायचो आणि आईची हाक आली की ४-४ मध्ये डबा बंद.

आठ_चार
बघा, म्हणजे आता २५६ झाले. उद्या कोणी क्रिकेटच्या कॅसेटने आणखी काढेल. कुठेतरी थांबायला हवं, आणि थांबायची नीट जागा आठच आहे.

लॅमिंग्टन_रोड
मोजायला आठ, मान्य. पण त्या मुलीने आठच सांगितले ना? "शिवाय" म्हणून वरचं सांगितलं. पूर्ण बरोबर उत्तराला शून्य दिलंत, हा अन्याय आहे.

खोताचीवाडी
हा मुद्दा बरोबर आहे. आठ तिने सांगितले होते. आज संध्याकाळी कार्यवाहांना भेटून त्या संघाचे गुण लावून घेतो, एक जागा वर सरकतील. मायनस वनबद्दलचं माझं मत तेच आहे. पुढच्या वर्षी प्रश्नात 'आखलेले' असा शब्द घालणार.

परळची_पोर
घाला. आणि दुसरा प्रश्न तिला काढू द्या.