मदत हवी आहे: कुलाबा वेधशाळेच्या 1859 च्या नोंदींवरून तासाची सरासरी कशी काढावी?

2 सप्टेंबर 1859 च्या कॅरिंग्टन वादळात (सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेली मोठी खळबळ) कुलाब्याला चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरला. या नोंदींतून 1989 च्या वादळाशी (वादळाची तीव्रता दाखवणारा डीएसटी निर्देशांक उणे 589 नॅनोटेस्ला) तुलना करता येईल असा आकडा काढायचा आहे. पण निर्देशांक तासाच्या सरासरीवर ठरतो, आणि 1600 हे क्षणिक टोक आहे. थेट तुलना केली तर कॅरिंग्टन उगाच फुगतो.

वाचने एरवी तासाला, वादळात मात्र 5 ते 15 मिनिटांनी घेतलेली. साधी सरासरी घेतली की दाट नोंदींचा काळ जड होतो, म्हणून समलंब पद्धतीने, म्हणजे दोन वाचनांमधल्या काळानुसार, वेळेचा भार देतोय. नोंदी जुन्या ब्रिटिश एककात आहेत; ते गुणिले 4610.8 म्हणजे नॅनोटेस्ला. मुंबईची स्थानिक वेळ वजा 4 तास 51 मिनिटे म्हणजे जागतिक वेळ. अक्षांशाची दुरुस्ती किरकोळ आहे, जेमतेम दीड टक्का.

खरी अडचण आधाररेषेची, म्हणजे घसरण ज्या शांत दिवसांच्या पातळीपासून मोजायची तिची. 28-29 ऑगस्टलाही मोठं वादळ झालं होतं, त्यामुळे लगतचे दिवस शांत धरता येत नाहीत. ऑगस्टच्या मध्यातले दिवस घ्यावेत का? की सप्टेंबरअखेरचे?

दुसरं, घसरण सकाळी अकराच्या सुमारासची. तेव्हा आयनांबरातले (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातले) विद्युतप्रवाहही जोरात असतात. एकाच वेधशाळेवरून त्यांचा वाटा वेगळा कसा करायचा? द्विसूत्री चुंबकमापकाच्या (दोन धाग्यांवर टांगलेल्या चुंबकाने क्षैतिज घटक मोजणारे उपकरण) तापमान-दुरुस्तीवर कुणी काम केलं असेल तर तेही जरूर सांगा.