मालवण-तारकर्ली: सिलिॲक असेल तर खानावळीत काय विचारावं?

पुणेरी_पाहुणा: भाचीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. चार दिवस तारकर्लीला जातोय. मुलूख भाताचा, म्हणजे फारसं अडू नये. तरी जेवण सांगताना नेमकं काय विचारायचं?

वेंगुर्लेकर: मुलूख भाताचा खरा, पण सुरमई असो की बोंबील, हॉटेलात बहुधा रव्यात घोळवूनच तळतात, आणि रवा गव्हाचाच. ‘तांदळाचं पीठ लावा’ एवढं सांगून भागत नाही. तवा तोच, तेल तेच, शिवाय रव्याच्या ताटातला हात तसाच पिठात जातो. तळल्याने ग्लूटेन नष्ट होत नाही. घासलेला तवा, नवं तेल, वेगळं ताट, वेगळा उलथना एवढं जमणार असेल तरच तळलेलं मागवा. दुपारी एकच्या गर्दीत कोणी हे करत नाही, बाराच्या आत जा. त्यापेक्षा बांगड्याचं तिखलं आणि भात बरा. पातेलं वेगळं असतं आणि दाटपणा वाटपाचा.

माडबन: वड्यांचं विसरलात! कोंबडी-वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, हरभराडाळ असते, पण बरेच जण मूठभर गहूही घालतात. भाकरीच्या पिठाची अडचण गिरणीत. आधीच्या दळणाचे गहू जात्यात उरतात, ते पुढच्या तांदळात उतरतात. भिजवून घरी वाटलेली आंबोळी त्या मानाने बरी, फक्त तव्यावर आधी चपाती झालेली नसावी. उकडीचे मोदक चालतील, तळणीचे नाहीत.

पुणेरी_पाहुणा: आमटी, सोलकढी तरी निर्धोक ना? थोडंफार पोटात गेलं तरी तिला त्रास होत नाही.

आहार_रत्नागिरी: त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते, त्यामुळे ‘थोडंफार’ नकोच. आपल्याकडे ‘ग्लूटेन-फ्री’ लेबलाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. चिमूटभर रव्यानेही ती ओलांडते. आमटीत बघायचा तो हिंग. डबीतल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तोच लोणच्यात आणि उडदाच्या पापडातही जातो. नारळाच्या रसाची सोलकढी चालेल, हिंगाची फोडणी दिलेली नको. ‘गहू चालत नाही’ म्हटलं की लोक फक्त चपाती काढून घेतात. घरगुती खानावळीला आदल्या दिवशीच फोन करून असं सांगा: ‘काकी, रवा, मैदा, कणीक, शेवया, डबीतला हिंग, काहीच चालत नाही. तिचं जेवण सगळ्यात आधी, धुतलेल्या भांड्यात करा.’ चायनीजच्या गाडीवर जाऊच नका, सोया सॉसमध्ये गहू असतो.