क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून यूएक्सवाल्यांनी काय शिकावं?

रेघोटी:
नमस्कार मंडळी. कर्जाचे हप्ते भरायच्या ॲपवर मी यूएक्सचं, म्हणजे ॲप वापरायला सोपं करण्याचं, काम करते. ॲप वापरणाऱ्यांच्या इंटरव्ह्यूत "ही स्क्रीन अर्धवट का सोडलीत?" विचारलं की लोक ओशाळतात, "माझंच चुकलं असेल" म्हणतात. परवा एक बाई रडू लागल्या आणि मी घाईघाईनं पुढचा प्रश्न विचारला. तेव्हापासून चैन नाही. इथे कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक त्रासावर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) आहेत का? व्याख्या नकोत, समोर माणूस बसलेला असताना उपयोगी पडेल असं सांगा.

मनोमन:
ताई, आधी "का" सोडा. त्यात जाब विचारल्याचा सूर येतो, मग माणूस खरं कारण सोडून पटेलसं कारण जुळवतो. "मागचा हप्ता भरलात तेव्हा फोन हातात घेतल्यापासून काय काय झालं?" असं विचारा. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ प्रश्नावली पाहा. "तुम्ही उदास असता का?" असं मोघम न विचारता गेल्या २ आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, ते ती विचारते.

दुसरं म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. १९४२ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी सल्ल्यापेक्षा ऐकण्यावर भर देणारी पद्धत मांडली, तिचा हा गाभा. "हप्ता चुकला की ॲप उघडायचीच भीती वाटते, असं म्हणताय ना?" एवढं बोलून गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. शिकाऊ थेरपिस्टलाही हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं.

चौकटमोड:
+१. माझा अनुभव: रेकॉर्डिंग बंद झालं की लोक दारापाशी खरं बोलतात. म्हणून शेवटची दहा मिनिटं मी मोकळीच ठेवतो.

मनोमन:
आमच्या थेरपीच्या सत्रांतही अगदी हेच होतं!

रेघोटी:
आणि पुन्हा कुणी रडलं तर?

मनोमन:
प्रश्न थांबवा. "थोडं थांबूया? इथेच संपवलं तरी मानधन पूर्ण मिळेल" असं सांगा. समुपदेशन मात्र करू नका, त्याचं प्रशिक्षण तुम्हाला नाही. मदतीसाठी कुणाकडे पाठवायचं ते इंटरव्ह्यूआधीच ठरवून ठेवा. आम्ही अवघड सत्रं सुपरव्हिजनमध्ये अनुभवी सहकाऱ्यापुढे मांडतो. तुमच्या टीममध्ये अशी सोय नसेल तर मागून घ्या, मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

रेघोटी:
प्रश्नावलीतले सगळे "का" आजच खोडते. त्या बाईंना मेसेज करू का? की त्यांना अवघडल्यासारखं होईल?

मनोमन:
करा. दोनच ओळी. ॲपबद्दल त्यात काहीही विचारू नका.