मदत हवी आहे: स्टुडंट फायनान्स (इंग्लंडमधलं सरकारी विद्यार्थी कर्ज), तीन वर्षांच्या वास्तव्याची अट

नमस्कार मंडळी,
आम्ही 2019 पासून इंग्लंडमध्ये आहोत. जुलै 2025 मध्ये आम्हा सगळ्यांना आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळाला, म्हणजे कोर्सचं शैक्षणिक वर्ष सुरू झालं असं धरतात त्या 1 सप्टेंबरच्या आत, त्यामुळे लेकीच्या ट्युशन फी लोनचं आता अडणार नाही असं वाटलं होतं. पण अर्ज अपात्र ठरला. कारण दिलंय ते कोर्सच्या आधीची सलग तीन वर्षं इथे राहिल्याचा पुरावा नसल्याचं.

झालं असं, की 2023 मध्ये जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) संपल्यावर ती आजीच्या आजारपणात माझ्यासोबत पुण्याला गेली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. इथलं घर सोडलं नव्हतं, तिचे बाबा इथेच नोकरीवर होते, सिक्स्थ फॉर्मची (इथल्या अकरावी-बारावीची) जागाही शाळेने राखून ठेवली होती. तात्पुरत्या गैरहजेरीने वास्तव्य खंडित होत नाही, असं नियमातच आहे ना?

अपील करायचंय. शाळेचं पत्र, आजीचे दवाखान्याचे कागद, भाडेकरार एवढं पुरेल का? मराठी कागदांचं प्रमाणित भाषांतर लागतं का? विद्यापीठाने तिला होम फीमध्ये (इथल्या विद्यार्थ्यांच्या कमी फीमध्ये) धरलंय, ते पत्र जोडून उपयोग होईल का? फीचा आणि कर्जाचा निर्णय वेगवेगळे असतात हे ठाऊक आहे, तरी विचारते.

पोर रोज ईमेल उघडून बघते. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.