केडी शंभर, म्हणून कोबाल्ट जागचा हलत नाही?

गाळमित्र: "अणुकचऱ्यातल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६०ची केडी (पाण्याच्या तुलनेत मातीला किती चिकटतो तो आकडा, मिली/ग्रॅममध्ये) शंभर. पाणी ४०० मीटर गेलं तरी कोबाल्ट एक मीटर सरकेल," असं कुणीतरी इथे ठोकून दिलंय. मातीची घनता १.६, सच्छिद्रता ०.४ धरली तर मंदन गुणांक (पाण्यापेक्षा कोबाल्ट किती पट हळू सरकतो) ४०१ येतो, आकडेमोड बरोबर. पण ती केडी सुट्या कोबाल्ट आयनाची! अणुकेंद्रातली यंत्रं धुतलेल्या पाण्यात ईडीटीए, म्हणजे धातूला धरून ठेवणारं रसायन, असतं. त्याने कोबाल्टला धरलं की संयुगावर ऋणभार येतो आणि चिकणमातीही ऋणच, मग चिकटणार कसं? केडी ०.१ वर घसरली तर ४०१ चे १.४ होतात. अमेरिकेत ओक रिजच्या अणुकचऱ्याच्या खंदकांतून कोबाल्ट असाच सुटला, १९७८ साली छापून आलंय.

केडीभक्त: ते ठोकणारा मीच. जमिनीत लोह नसतं का हो? ईडीटीएचा लॉग के (पकडीचा जोर; एकने वाढला की दहापट) कोबाल्टशी १६, फेरिक लोहाशी २५. लोह ईडीटीए हिसकावणार, कोबाल्ट मातीला चिकटणार. शिवाय अर्धायुष्य ५.२७ वर्षं, ५० वर्षांत सातशेतला एक भाग उरतो.

गाळमित्र: नुसते लॉग के काय लावता? उदासीन पाण्यात फेरिक लोह ऑक्साइडात अडकलेलं असतं, अदलाबदल रेंगाळते. आणि मँगनीज ऑक्साइड भेटलं तर कोबाल्टचा भार दोनवरून तीनवर जातो, लॉग के चाळीसच्या वर. मग हिसकावा!

सूक्ष्मकण: दोघांची केडीच संशयास्पद आहे. केडी काढायच्या बॅच टेस्टचं (नळीत माती आणि पाणी एकत्र हलवून) पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळता ना? कलिलकण (पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) त्यातून आरपार जातात आणि 'विरघळलेले' म्हणून मोजले जातात. त्याहून कितीतरी बारीक, १० किलोडाल्टनचा अल्ट्राफिल्टर लावा. मातीशिवायची कोरी नळीही ठेवा, नाहीतर भिंतीला चिकटलेलं सगळं मातीच्या खात्यावर. अमेरिकेत नेवाडात १९६८च्या बेनहॅम या भूमिगत अणुस्फोटातलं प्लुटोनियम १.३ किलोमीटरवर सापडलं, जवळपास सगळं कणांवर बसलेलं.

केडीभक्त: नेवाडा आलंच! तो भेगाळलेला खडक होता. चिकणमातीच्या बारीक छिद्रांत कण गाळलेच जातात.

सूक्ष्मकण: आणि चिकणमातीला भेगा पडतच नाहीत, नाही का? शिवाय पाण्याची क्षारता उतरली की आधी गुठळ्या झालेले कण पुन्हा सुटतात. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी वापरणाऱ्यांनी तर कलिलावर बोलूच नये.

गाळमित्र: धागा ईडीटीएचा होता, म्हटलं आठवण करून द्यावी.

केडीभक्त: बरं महाराज, कोबाल्टपुरतं मान्य, तेही मँगनीज असेल तिथेच. सिझियमला ईडीटीए जवळजवळ धरतच नाही, ते इलाइट या चिकणमातीतल्या खनिजाच्या उसवलेल्या कडांवर पक्कं बसतं. त्याची केडी माझीच राहील.

गाळमित्र: राहू द्या, पाण्यात पोटॅशियम किंवा अमोनियम वाढून सिझियमला हुसकावेपर्यंत. आणि ती केडी काढताना खऱ्या गळतीचंच पाणी घाला, नळाचं नव्हे.