उदगीरला ४ दिवस कामासाठी जायचंय, राहायचं-जेवायचं कुठं?

सॉर्टेक्सवाला_पुणे
नमस्कार मंडळी. मी डाळमिलच्या मशीन बसवतो. येत्या सोमवारपासून म्हणजे ३० डिसेंबर ते २ जानेवारी उदगीरला एका मिलमध्ये सॉर्टेक्स (डाळीतले खडे, डागी दाणे वेगळे काढणारं मशीन) बसवायचाय. मालक फोनवर "या हो, सगळी सोय होते" एवढंच म्हणतात. कंपनी राहणं-खाणं मिळून रोजचे २००० देते पण बिल पक्कं पाहिजे, मागं एका तालुक्याच्या गावी लॉजवाल्यानं कोऱ्या चिटोऱ्यावर शिक्का मारून दिला आणि अकौंट्सनं ते जसंच्या तसं परत पाठवलं, ९०० रुपये खिशातनं गेले. आणखी एक, मला अॅसिडिटी आहे, तुमच्याकडची लाल तर्री झेपत नाही. उदगीरलाच राहू का लातूरला राहून रोज जाऊ?

फिरता_एमआर
लातूर. मी महिन्यातनं दोनदा लातूर-उदगीर-निलंगा-अहमदपूर करतो, मुक्काम कायम लातूरला, जीएसटीचं बिल न मागता मिळतं. फक्त मे महिन्यात नीटच्या पेपरच्या आसपास आणि नंतर अॅडमिशनच्या दिवसांत येऊ नका, सगळ्या रूम पालकांनी भरलेल्या असतात. डिसेंबरात प्रॉब्लेम नाही. सकाळी गाड्यावर सुशीला खा (चुरमुऱ्याचा, पोह्यासारखा, पोटाला हलका). निलंगा राईस सगळे सांगतील, पण तुमच्या पोटाला तो नको.

उदगीरचा_जावई
एमआर साहेब, तुमचं काम डॉक्टरांच्या केबिनमधलं, मशीन बसवणाऱ्याला रात्री ९ च्या आधी कोण सोडतंय? एका बाजूला ६०-६५ किमी, परत सकाळी तेच. त्यापेक्षा उदगीरलाच राहा. स्टँडच्या अगदी समोरचं लॉज घेऊ नका, पहाटेपासून हॉर्न. रूम रस्त्याकडची नको, मागची मागा. जायच्या आधी फोन करून विचारा: बिलावर जीएसटी नंबर येतो का, लाईट गेल्यावर जनरेटर आहे का नुसता पंखा-बल्बचा इन्व्हर्टर, आणि गरम पाणी सोलरचं आहे का, कारण सोलर असलं तर उशिरा उठणाऱ्याच्या नशिबी थंडच, आणि डिसेंबरातली उदगीरची थंडी मी सासुरवाडीत भोगलीय.

जेवायला फॅमिली रेस्टॉरंटच्या नादी लागू नका, तिथं पनीरच्या सगळ्या भाज्यांना एकच ग्रेव्ही. खानावळीत बसा, ज्वारीची भाकरी, वरण आणि दही मागा, तर्री वेगळी आणायला सांगा. निलंग्याकडची बोरसुरीची तूरडाळ आहे का विचारा, त्या वरणाला काही लागत नाही, साधी फोडणी पुरे. साडेनऊनंतर भाकरी संपलेली असते हे लक्षात ठेवा. आणि मुंबई-बीदर एक्सप्रेस पुण्यावरून थेट उदगीरला येते, पण आठवड्यातनं तीनच दिवस, वार बघून घ्या.

काळी_माती
ओ सायेब, तुमी तारीख बगितली का? ३० तारखेला येळवस हाय! वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर काय उदगीर काय, गावात माणूस दिसत नाही, समदे शेतात. मिल बंद, खानावळी बंद, चहाबी मिळायचा न्हाई. मालक "सोय होते" म्हणले ते याच्यामुळंच, तुमाला शेतात न्यायचं ठरवलेलं असणार त्यांनी. न्हाई म्हणू नका. आन लॉजवर जेवायला काय मिळंल म्हणून बसू नका, वेटरबी गावाकडं गेलेला असतो.

फिरता_एमआर
अरे हो, हे डोक्यातच आलं नाही. एका वर्षी मी त्या दिवशी बिस्किटं खाऊन काढलाय.

सॉर्टेक्सवाला_पुणे
परत आलो, म्हणून लिहितोय. उदगीरलाच राहिलो, मागची रूम मिळाली, बिल नंबरासकट. गरम पाणी मंगळवारी चुकलं, जावईबुवा, तुमचं ऐकायला हवं होतं.

सोमवारी सकाळी ९ वाजता मालकच जीप घेऊन लॉजखाली. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पूजा झाल्यावर जेवायला बसलो तर आधी भज्जी, मला वाटलं तळलेली भजी, तर ही ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि मिळेल ती भाजी बेसनात शिजवलेली, पातळसर, आंबूस, आणि तिखट अगदी बेताचं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. बिंदग्यातली (मातीच्या मडक्यातली) अंबिल तीन वेळा प्यायलो, ताकातली असल्यामुळं का काय माहीत नाही पण गोळी घ्यावी लागली नाही. मालकाच्या आईनं उठूच दिलं नाही, "पुण्याचा पाहुणा, एवढ्याशानं काय होतंय" म्हणून प्रत्येक वेळी एक पळी जास्त. दुपारी तिथंच चिंचेखाली झोपलो. सॉर्टेक्सचा खोका मंगळवारी उघडला, दोन तारखेला रात्री मशीन चालू करून निघालो.

एकच घोळ झाला. खर्चाच्या फॉर्ममध्ये सोमवारच्या जेवणापुढं शून्य लिहिलं, तर अकौंट्समधल्या मॅडमचा फोन आला, "सर, त्या दिवशी उपाशी होतात का?"