व्हिब्रिओ फिशेरी की अलीव्हिब्रिओ फिशेरी? पेपरात काय लिहू?

दारव्ह्याची_मायक्रो
नमस्कार. मी बीएस्सी मायक्रोला आहे, गावाहून यवतमाळला एसटीनं ये-जा करते. लायब्ररीतल्या पुस्तकात उजेड देणाऱ्या समुद्री जिवाणूचं नाव व्हिब्रिओ फिशेरी दिलंय, मोबाइलवर अलीव्हिब्रिओ फिशेरी येतं. एका जागी तर फोटोबॅक्टेरियम फिशेरी! एकाच जिवाणूची तीन नावं काहून? अन् नावापुढे कंसात बाइयेरिंक १८८९, कंसाबाहेर दुसऱ्याचंच नाव अन् २००७. कोणी समजावून सांगेल का?

मेहकरचे_मास्तर
बेटा, त्या कंसापासूनच सुरू कर. आतला माणूस म्हणजे ज्यानं ‘फिशेरी’ हे नाव पहिल्यांदा दिलं तो. बाहेरचा म्हणजे ज्यानं त्याला आताच्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटात, नेलं तो.

१८८९ साली हॉलंडच्या बाइयेरिंकनं फोटोबॅक्टेरियम फिशेरी असं नाव ठेवलं. ज्यांच्यावरून हे नाव आलं ते बर्नहार्ड फिशर जर्मन नौदलातले डॉक्टर, समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंवर त्यांचं काम होतं. १८९६ मध्ये लेमान अन् नॉयमान यांनी त्याला व्हिब्रिओत घेतलं. त्या काळी जीनस ठरवायचा तो आकार, हालचाल, कशावर वाढतो, कोणती साखर आंबवतो यावरून. पुढे जिवाणूंचं आपसातलं नातं ओळखायला वापरतात तो १६एस आरआरएनएचा जीन वाचता येऊ लागला, साधारण १५०० बेसचा. तो अन् आणखी काही जीन्स ताडून पाहिले तेव्हा दिसलं की फिशेरी, लोगेई, साल्मोनिसिडा अन् वोडानिस या चौघांचं आपसातलं नातं बाकी व्हिब्रिओंपेक्षा जवळचं आहे. म्हणून २००७ मध्ये अर्बानचिक अन् सहकाऱ्यांनी त्यांचा वेगळा जीनस केला.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की जीनस बदलत गेला तरी फिशेरी सुटलं नाही. तसा नियमच आहे. अन् नाव नुसत्या वर्णनावर टांगलेलं नसतं, ते एका जिवंत कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये वाढवून जपलेल्या नमुन्याला, बांधलेलं असतं. फिशेरीसाठी ते एटीसीसी या अमेरिकेतल्या संग्रहातलं ७७४४ नंबरचं. वाद झाला की त्याच कल्चरशी ताडून पाहायचं.

तालुका_लॅबवाला
मास्तर, आमच्यासारख्यांना धास्ती असते की उद्या पटकीच्या जंतूचंही नाव बदलतील. पावसाळ्यात हगवणीचे नमुने आले की टीसीबीएसच्या (व्हिब्रिओ वाढवायच्या माध्यमाच्या) हिरव्या प्लेटवर पिवळ्या, चपट्या, चकाकणाऱ्या कॉलनी शोधत बसतो. रिपोर्टवर दुसरंच नाव गेलं तर वरच्यांना कळायला वेळ लागेल.

मेहकरचे_मास्तर
त्याची काळजी नको भाऊ. तुमचा पटकीचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, हीच व्हिब्रिओची टाइप स्पीशीज, म्हणजे बाकीचे कोणी बाहेर पडले तरी व्हिब्रिओ हे नाव तिच्याचजवळ राहणार.

दारव्ह्याची_मायक्रो
सर, मग व्हिब्रिओ फिशेरी लिहिलं तर मार्क कापतील का?

मेहकरचे_मास्तर
कापू नयेत. नवा जीनस आला म्हणून जुनं नाव रद्द होत नाही. कोणतं वर्गीकरण मानायचं हे अभ्यासकानं ठरवायचं असतं, अन् हवाईच्या बॉबटेल स्क्विडवर (हाच जिवाणू अंगात बाळगणाऱ्या छोट्या समुद्री प्राण्यावर) काम करणारे पुष्कळ जण आजही व्हिब्रिओ फिशेरीच लिहितात. तू ‘अलीव्हिब्रिओ फिशेरी, पूर्वीचं व्हिब्रिओ फिशेरी’ असं लिही, तपासणाऱ्याला दोन्ही दिसतील.

अन् समुद्र लांब आहे म्हणून हा विषय आपला नाही असं समजू नको. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून मिळालेल्या जिवाणूसाठी २०१० मध्ये इंडिबॅक्टर हा नवाच जीनस करावा लागला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं पाणी! त्याचा पेपर मिळव अन् १६एसची तुलना कशी मांडली आहे ते बघ. कुठं अडलीस तर इथंच विचार.